हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर निवडायचं कसं? आपलंच जुनं मस्टर हाती घेऊन

पंधरा-वीस माणसांपर्यंत हजेरी मस्टरवर आणि पगार एक्सेलमध्ये निभावून जातो. माणसं पंचवीस-तीसच्या पुढे गेली, दुसरी पाळी सुरू झाली, दोन ठेकेदारांची माणसं गेटमधून आत येऊ लागली, की महिन्याचा पहिला आठवडा पगार करणाऱ्याला पुरत नाही. मग कुणीतरी सुचवतं की आता सॉफ्टवेअर घेऊन टाका. तीन-चार कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन डेमो दाखवून जातात आणि सगळेच डेमो चांगले वाटतात. कारण डेमोतला कामगार रोज वेळेवर येतो, वेळेवर जातो, खाडा करत नाही, उचल घेत नाही आणि महिन्याच्या मध्येच नोकरी सोडत नाही.

म्हणून पहिल्यांदाच सॉफ्टवेअर घेणाऱ्यांना माझा सल्ला असा की फीचरच्या याद्या शेजारी-शेजारी लावून तुलना करू नका. आपल्या गेल्या काही महिन्यांच्या मस्टरमधली सगळ्यात अवघड प्रकरणं काढा, ती प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि हातात पडणारा पगार रुपयापर्यंत जुळतो का ते बघा. ते कसं करायचं, त्याआधी काय तयारी लागते आणि नंतर काय सांभाळायचं, हे पुढे क्रमाने सांगतो. डोळ्यासमोर वीस ते शंभर माणसांचा महाराष्ट्रातला व्यवसाय आहे: भोसरी-चाकणकडचं वर्कशॉप, वाळूजचा पॅकिंगचा कारखाना, नाशिकचं हॉटेल, कोल्हापूरची फाउंड्री, किंवा दोन-तीन शाखांचं दुकान.

आधी आपले नियम कागदावर उतरवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचं काहीच नीट होत नाही. बहुतेक छोट्या कारखान्यांत पगाराचे नियम एका माणसाच्या डोक्यात असतात. अमक्याला रविवार धरायचा, तमक्याला नाही, साहेबांनी सांगितलं तर लेट मार्क सोडायचा, असं सगळं. सॉफ्टवेअरला असं चालत नाही. त्याला नियम सांगावा लागतो आणि सांगितलेला नियम ते सगळ्यांना सारखा लावतं. हा त्याचा मोठा फायदाच आहे, पण त्यासाठी नियम मुळात ठरलेला हवा.

पहिला नियम पगाराच्या भागाकाराचा. एक दिवसाचा पगार काढताना महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं, ३० ने, की त्या महिन्यातल्या दिवसांनी? उदाहरण घ्या. एकूण पगार १८,२०० रुपये, महिना ३१ दिवसांचा, दोन दिवस खाडा. २६ ने भागलं तर १,४०० रुपये कापले जातील, ३० ने भागलं तर १,२१३ आणि ३१ ने भागलं तर १,१७४. माणूस तोच, खाडे तेवढेच, आणि फरक सव्वादोनशे रुपयांचा. ओव्हरटाइमला फरक याहून मोठा पडतो. याच पगारावर, आठ तासांचा दिवस धरून, दुप्पट दराचा एक तास २६ च्या हिशोबाने १७५ रुपये होतो आणि ३० च्या हिशोबाने सुमारे १५२. महिन्याला चाळीस तास ओव्हरटाइम (ओटी) असेल तर नऊशेच्या वर रुपये इकडचे तिकडे होतात. काही ठिकाणी खाड्याला २६ आणि ओटीला ३० असा हिशोब चालतो, म्हणजे दोन्हीकडून कामगाराचंच नुकसान. नियम लिहायला बसलात की अशा गोष्टी समोर येतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये जशाच्या तशा घालण्याऐवजी आत्ताच दुरुस्त करा.

दुसरा नियम उशिराचा. किती मिनिटांची सवलत, आणि त्यानंतर काय? ‘तीन लेट मार्क म्हणजे अर्धा दिवस’ ही पद्धत सर्रास दिसते आणि अनेक सॉफ्टवेअरमध्ये ती तयार मिळते, नुसती एक खूण करायची असते. ती करण्याआधी थांबा. वेतन संहितेनुसार (पगाराविषयीच्या नव्या केंद्रीय कायद्यानुसार) गैरहजेरीपोटी करायची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणापेक्षा जास्त असता कामा नये. तीन दिवसांत मिळून पंचवीस मिनिटं उशीर झालेल्या माणसाचे चार तास कापणं या नियमात बसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे म्हणून ती कायदेशीर आहे, असं समजू नका.

याशिवाय साप्ताहिक सुट्टीच्या दोन्ही बाजूंना खाडा असेल तर ती सुट्टीही खाड्यात धरायची का, सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तर ओटी द्यायचा की बदली सुट्टी, उचल किती हप्त्यांत कापायची, अर्ध्या दिवसाची हद्द किती तासांची, शिल्लक रजा पुढच्या वर्षात किती जातात, हेही लिहून काढा. दोन पानांत मावेल. ही दोन पानं पुढे प्रत्येक विक्रेत्याला द्यायची आहेत.

कायद्याचे आकडे स्वतःला ठाऊक हवेत

‘आमचं सॉफ्टवेअर पूर्ण कंप्लायंट आहे’ हे प्रत्येकजण सांगतो. ते खरं आहे का हे तपासायचं तर निदान मुख्य आकडे आपल्याला माहीत हवेत.

भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो. कामगाराचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि त्यासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आहे, म्हणजे पेन्शनचा वाटा महिन्याला १,२५० च्या वर जात नाही. याखेरीज विम्याचे अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चाचे अर्धा टक्का मालकाने भरायचे. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, दहा माणसांपासून लागू होतो, २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. दोन्हीचं चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचं.

व्यवसाय कर हा राज्याचा विषय आहे आणि बाहेरच्या राज्यात तयार झालेली सॉफ्टवेअर इथेच अडखळतात. महाराष्ट्रात पुरुषांना ७,५०० रुपयांपर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५ आणि त्यावर २०० रुपये. पण फेब्रुवारीत २०० ऐवजी ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० पुरे होतात. स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. कामगार कल्याण निधीची कपात वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून होते. २०२४ च्या सुधारणेनंतर कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये.

किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलै असा दर सहा महिन्यांनी बदलतो. तो जाहीर व्हायला उशीर झाला की मागच्या महिन्यांचा फरक काढून द्यावा लागतो. तुमच्याकडे किमान वेतनाच्या जवळपास काम करणारी माणसं असतील तर हा फरक सॉफ्टवेअर एका फटक्यात काढतं का आणि त्यावरचा पीएफही बरोबर धरतं का, हा मोठा प्रश्न आहे.

आणि आता सगळ्यात ताजा बदल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अंमलात आल्या. त्यांत ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या एकच केली आहे: मूळ पगार, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता (काम बंद असताना कामगार टिकवून ठेवण्यासाठी दिलेला) म्हणजे वेतन, घरभाडे भत्ता, प्रवास, ओव्हरटाइम वगैरे बाहेर, पण हे बाहेरचे घटक मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर जास्तीची रक्कम पुन्हा वेतनात धरायची. पगार २५,००० दाखवून मूळ पगार ८,००० ठेवायची जी सवय होती, तिला यातून आळा बसतो. ईएसआयच्या जुन्या कायद्यात वर्गणी काढताना ओव्हरटाइमही धरत असत. नव्या व्याख्येत तो वगळलेल्या घटकांत आहे. विक्रेत्याला नेमकं इथेच बोट ठेवून विचारा की तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये वेतनाचा पाया कोणत्या महिन्यापासून, कसा बदलला? निम्म्याची चाचणी आपोआप होते की मला हाताने करावी लागेल? ज्याला हा प्रश्न कळतो, त्याचा माणूस स्क्रीन उघडून दाखवतो. ज्याला कळत नाही, तो ‘टीमला विचारून सांगतो’ म्हणतो. दोन दिवसांत नीट उत्तर आलं तरी हरकत नाही. उत्तरच आलं नाही तर तो विक्रेता यादीतून काढा.

नोकरी सोडलेल्या किंवा काढलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं, हेही या चारांतल्या वेतन संहितेत आहे. महिना संपल्यावरच पगार काढू देणारं सॉफ्टवेअर इथे कामाचं नाही. महिन्याच्या मध्ये एका माणसाचा शेवटचा हिशोब काढता यायला हवा.

हजेरी कशी घ्यायची

जागा आणि काम बघून हे ठरतं.

बोटाच्या ठशाचं यंत्र स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं आहे, ऑफिस आणि दुकानात ते उत्तम चालतं. पण फाउंड्री, गवंडीकाम, ग्राइंडिंग, केमिकल, भांडी धुणं अशा कामांत बोटांवरच्या रेषा झिजतात आणि सकाळी गेटवर रांग लागते. यंत्र बोट ओळखत नाही म्हणून माणूस वेळेवर येऊनही उशिरा ठरतो, आणि त्याची काहीच चूक नसते. अशा ठिकाणी चेहरा ओळखणारं यंत्र घ्या. ते बसवताना मागून ऊन येणार नाही अशी जागा बघा आणि रात्रपाळीला पुरेसा दिवा लावा. कार्डाचं यंत्र मी एकट्याने वापरायला सांगणार नाही, कारण मित्राचं कार्ड दुसऱ्याने मारणं थांबवता येत नाही.

मोबाईलवरची हजेरी फिरतीच्या लोकांसाठी आहे: विक्री प्रतिनिधी, सर्व्हिस इंजिनिअर, साइटवरचे सुपरवायझर. ठराविक जागेच्या परिघात असल्याशिवाय हजेरी लागू नये, अशी सोय बहुतेक ॲपमध्ये असते. मात्र कामगाराच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटा पॅकवर दिवसभर ठिकाण नोंदवत राहणारं ॲप लादू नका. येताना आणि जाताना जागा नोंदली की पुरे.

यंत्राविषयी तीन गोष्टी नक्की विचारा. वीज आणि इंटरनेट गेल्यावर नोंदी किती दिवस यंत्रात साठून राहतात? त्या नंतर आपोआप चढतात की कुणी पेनड्राइव्हने आणायच्या? आणि ईएसएसएल, मॅट्रिक्स यांसारख्या ज्या कंपनीचं यंत्र तुमच्या गेटवर आधीपासून आहे, ते नव्या सॉफ्टवेअरला थेट जोडता येतं का? ‘जोडता येतं’ एवढ्यावर समाधान मानू नका. तुमच्या यंत्राचा मॉडेल नंबर द्या आणि जोडून दाखवायला सांगा.

खरी गळती हजेरी आणि पगार यांच्या सांध्यात

या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण पैसा इथे मुरतो.

यंत्र फक्त एवढंच सांगतं की या माणसाने या वेळेला पंच केलं. त्यातून हजर, गैरहजर, अर्धा दिवस, ओटी, रात्रपाळी हे ठरवणारा जो थर असतो, तो कुणाकडे चांगला असतो, कुणाकडे जेमतेम. सकाळी येताना पंच, एक वाजता जेवायला जाताना पंच, परत येताना पंच, दुपारी चहाला जाता-येता दोन, आणि संध्याकाळी जाताना विसरला. सहा पंच व्हायला हवे होते तिथे पाच झाले. आता हा माणूस किती तास हजर? काही सॉफ्टवेअर पहिला आणि शेवटचा पंच धरतात, काही जोड्या लावतात. जोड्या लावणाऱ्याला शेवटच्या पंचाचा जोडीदार सापडत नाही आणि दुपारनंतरचे तास गायब होतात.

रात्रपाळी तर हमखास परीक्षा घेते. रात्री अकराला आत, सकाळी सातला बाहेर. तारीख बाराला बदलते, म्हणून कच्चं सॉफ्टवेअर दोन्ही दिवशी अर्धवट हजेरी दाखवतं: काल आला पण गेला नाही, आज गेला पण आला नाही. पाळी दर आठवड्याला फिरत असेल, कुणी ऐनवेळी दुसऱ्याच्या पाळीला आला असेल, किंवा पहिली पाळी संपवून दुसरीतही थांबला असेल, तर गुंता आणखी वाढतो. तुमच्याकडे तिसरी पाळी असेल तर बाकी काही बघण्याआधी हे बघा.

हजेरी एका कंपनीची आणि पगार दुसऱ्या कंपनीचा, असंही चालतं. मग मध्ये एक्सेलची फाइल येते. महिनाअखेर हजेरीतून फाइल काढायची, रकाने जुळवायचे आणि पगारात चढवायची. माणसं कमी आणि नियम साधे असतील तर काही बिघडत नाही. पण फाइल चढवल्यावर कुणाची हजेरी दुरुस्त झाली, तर ती पगारात पुन्हा जाते का हे कुणी बघत नाही, आणि महिना संपल्यावर कामगार विचारायला येतो तेव्हा दोन ठिकाणी दोन आकडे असतात. पन्नासच्या पुढे माणसं आणि दोनपेक्षा जास्त पाळ्या असतील तर माझा कौल एकाच कुळातल्या हजेरी-पगाराला आहे, मग त्यातला एखादा भाग बाजारातला सर्वोत्तम नसला तरी.

दुरुस्तीची वाटही बघा. पंच राहिला तर कामगाराने विनंती करायची, सुपरवायझरने मान्य करायची आणि कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहायची. जिथे ऑफिसात बसून कुणीही, कुठलीही वेळ मागमूस न ठेवता बदलू शकतं, ते सॉफ्टवेअर घेऊ नका. भांडण झालंच तर मालकालाही स्वतःची बाजू सिद्ध करता येणार नाही.

बाजारात कोण कशासाठी

नावं बरीच आहेत. कुणी वाईट आहे असं नाही. प्रत्येकाचा घाट वेगळा आहे.

हिशोब टॅलीप्राइमवर असेल तर त्यातच पगाराचा भाग आहे. हजेरीचे आणि उत्पादनाचे प्रकार तयार करता येतात, त्यामुळे नगावर मजुरी देणाऱ्यांनाही तो उपयोगी पडतो. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कराचे अहवाल निघतात. यंत्रावरची हजेरी मात्र वेगळी जोडणी करून आणावी लागते आणि रजेचे अर्ज, मोबाईलवर पगाराची स्लिप वगैरे गोष्टींसाठी ते मुळात बनलेलं नाही. वीस-तीस माणसं आणि सगळं काम एका लेखनिकाकडे असेल तर आधी हेच वापरून बघा, कारण त्याचे पैसे तुम्ही भरलेलेच असतात.

सरल पेपॅक संगणकावर बसवायचं, पगार आणि कायदेशीर फॉर्म यांवर भर असलेलं सॉफ्टवेअर आहे. ग्रेटएचआर बंगळुरूचं, छोट्या-मध्यम कंपन्यांत पुष्कळ वापरलं जाणारं, रजा-हजेरी-पगार एकत्र देणारं. हैदराबादचं केका दिसायला आणि कर्मचाऱ्यांना वापरायला सुटसुटीत, आयटी आणि सेवा क्षेत्रातल्या ऑफिसांना भावणारं. झोहो पेरोलचा भर पगारावर आहे, हजेरीसाठी त्यांचंच झोहो पीपल त्याला जोडता येतं. हिशोब झोहो बुक्सवर असेल तर सगळं एकमेकांत नीट बसतं. रेझरपेचं पेरोल पगार बँकेतून थेट देणं आणि पीएफ, ईएसआय आणि टीडीएस (पगारातून कापलेला आयकर) भरणं यांवर भर देतं, म्हणून नव्या छोट्या कंपन्यांना सोयीचं. पगारबुक मोबाईलवर चालणारं, भारतीय भाषांत वापरता येणारं; दुकान, छोटं हॉटेल, दहा-बारा माणसांचा व्यवसाय यांसाठी.

ऑफिससाठी बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कारखान्याच्या तीन पाळ्या कोंबू नका, आणि दहा माणसांच्या दुकानाला शंभर माणसांचं सॉफ्टवेअर घेऊन देऊ नका. यातून तीन निवडा. तीनपेक्षा जास्त तपासायला तुमच्याकडे वेळ होणार नाही.

अवघड मस्टरची चाचणी

आता मुख्य काम. बहुतेकजण काही दिवस फुकट वापरायला देतात. त्या काळात डेमोची माहिती बाजूला सारून स्वतःची सात-आठ माणसं घाला. नावं बदलून घाला, आकडे खरे ठेवा. माझी यादी अशी:

१. महिन्याच्या १७ तारखेला लागलेला आणि दुसरा, ११ तारखेला सोडून गेलेला. दोघांचे दिवस, पीएफ आणि शिल्लक रजेचे पैसे बघा.

२. रात्रपाळीचा कामगार, ज्याच्या आठवड्यात एकदा जाण्याचा पंच राहिला आहे.

३. २३,००० पगाराची स्त्री कर्मचारी. व्यवसाय कर शून्य यायला हवा. तिचा पगार वाढवून २५,५०० करा आणि पुन्हा बघा.

४. सगळ्यांचा पगार फेब्रुवारी महिना घालून काढा, १०,००० च्या वरचा प्रत्येक पुरुष ३०० रुपयांवर जातो का ते बघायला. डिसेंबर घालून कल्याण निधीचे २५ रुपये येतात का तेही.

५. ज्याचं वेतन जुलैत २०,५०० वरून २१,८०० झालं असा कामगार. ईएसआयची वर्गणी-मुदत एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी असते. मुदतीच्या मध्ये मर्यादा ओलांडली तरी ती मुदत संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. पगार वाढला त्याच महिन्यात सॉफ्टवेअरने ईएसआय बंद केला तर कामगाराचा दवाखान्याचा हक्क अडचणीत येतो. बरीच सॉफ्टवेअर हे बरोबर करतात, पण तपासल्याशिवाय धरून चालू नका.

६. दहा हजारांची उचल, पाच हप्ते, आणि तिसऱ्या महिन्यात माणसाचे इतके खाडे की हप्ता कापल्यावर हातात फार थोडं उरतं. कपातींची एकूण मर्यादा वेतनाच्या निम्म्याची आहे. सॉफ्टवेअर इशारा देतं का?

७. जानेवारीपासूनचा विशेष भत्ता मार्चमध्ये दिला, अशी थकबाकी.

८. ओटी चाळीस तास, त्यातले आठ साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.

प्रत्येकाचा पगार आधी कागदावर हाताने काढून ठेवा. जमल्यास सल्लागाराकडून तपासून घ्या, कारण तुमचंच गणित चुकलं असेल तर चाचणीला अर्थ राहत नाही. मग तिन्ही सॉफ्टवेअरमधले आकडे शेजारी मांडा. एक-दोन रुपयांचा फरक पूर्णांक करण्यामुळे येऊ शकतो. ईएसआयची रक्कम वरच्या रुपयाला नेतात, तेव्हा तिथे एक रुपया जास्त दिसेल. त्याहून मोठा फरक आला तर सॉफ्टवेअरला तो समजावून सांगता येतो का ते बघा. पगाराच्या आकड्यावर बोट ठेवलं की तो कुठून आला हे दिसायला हवं. किती दिवस, कोणता दर, कोणता नियम, हे सगळं. ज्यात नुसता शेवटचा आकडा दिसतो, त्यात चूक सापडायला महिने जातात.

शेवटी पीएफची ईसीआर फाइल, म्हणजे दर महिन्याला पीएफच्या पोर्टलवर चढवायची वर्गणीची यादी, काढून पाहा. त्यात वर्गणी नसलेल्या दिवसांचा रकाना असतो. खाडे केलेल्याचे दिवस तिथे बरोबर आलेत का? आणि बँकेची फाइल. आपल्याकडे कितीतरी कारखान्यांची खाती नागरी सहकारी बँकांत आहेत. थेट बँक-जोडणीच्या जाहिरातींत मोठ्या खासगी बँका असतात. तुमच्या बँकेला लागणाऱ्या नमुन्यात फाइल निघते का, हे बँकेत नेऊन दाखवा.

आणखी एक चाचणी माणसांची. पगाराची स्लिप दोन कामगारांच्या हातात द्या आणि काय कापलं आहे ते त्यांना सांगायला लावा. मराठीत स्लिप निघत असेल तर फारच उत्तम. ज्याला आपली हजेरी आणि कपात महिना संपण्याआधी स्वतःच्या फोनवर किंवा गेटवरच्या पडद्यावर बघता येते, तो सात तारखेला तक्रार घेऊन ऑफिसच्या दारात उभा राहत नाही. आणि त्याचा तो हक्कच आहे.

किंमत विचारताना

दर माणशी दर महिना, ठराविक माणसांपर्यंत एक रक्कम, किंवा वर्षाचा परवाना, असे तीन प्रकार दिसतात. पन्नास माणसांचा संच घेतला आणि बावन्न झाली तर पुढचा संच घ्यावा लागतो का? सोडून गेलेली माणसं मोजतात का? हंगामी माणसं घेणाऱ्यांना हा प्रश्न फार महागात पडू शकतो. सुरुवातीची मांडणी करून देण्याचे पैसे, यंत्र जोडण्याचे, मोबाईल ॲपचे, जादा शाखेचे, मेसेजचे वेगळे आहेत का? वर जीएसटी १८ टक्के. सगळं मिळून पहिल्या वर्षाचा आणि दुसऱ्या वर्षाचा खर्च वेगवेगळा लेखी मागा, कारण पहिल्या वर्षीची सवलत दुसऱ्या वर्षी नसते. मदतीसाठी फोनवर माणूस मिळतो की फक्त ऑनलाइन तक्रार (‘तिकीट’) नोंदवायची, आणि महिन्याच्या पहिल्या सात दिवसांत उत्तर किती वेळात येतं, हेही किमतीतच धरा.

माहिती तुमची, जबाबदारीही तुमची

बोटांचे ठसे, चेहरे, आधार, बँक खाती, घरचे पत्ते हे सगळं या सॉफ्टवेअरमध्ये जातं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ सालचा आहे, आणि माहिती दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी तिची जबाबदारी मालकावर राहते. करार संपल्यावर सगळी माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल आणि त्यांच्याकडची कधी पुसली जाईल, हे करारात लिहून घ्या. ठसे यंत्रात राहतात की क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर जातात, हे विचारा. पगार कोण बघू शकतो याचे अधिकार वेगवेगळे असायला हवेत. सुपरवायझरला हजेरी दिसावी, पगार दिसू नये. ठेकेदाराची माणसं त्याच यंत्रावर पंच करत असतील तर त्यांची यादी वेगळी ठेवा. ठेकेदाराने वेतन थकवलं तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, आणि तेव्हा गेटवरची ही हजेरीच उपयोगी पडते.

कधी आणि कसं बदलायचं

एप्रिल सगळ्यात सोयीचा. आर्थिक वर्ष नवं, टीडीएसचा हिशोब कोरा, ईएसआयची मुदत नवी. तो हुकला तर ऑक्टोबर. वर्षाच्या मध्ये बदलायचंच झालं तर एप्रिलपासूनचा प्रत्येकाचा पगार, कापलेला कर, पीएफ आणि शिल्लक रजा आत घालाव्या लागतात, नाहीतर मार्चमध्ये कराचा आकडा चुकतो. कर्मचाऱ्यांना नवी की जुनी करप्रणाली हवी, हे सुरुवातीलाच नोंदवून घ्या.

माणसांची माहिती चढवताना आधारवरचं नाव, पीएफच्या यूएएनवरचं (प्रत्येकाच्या कायमच्या पीएफ क्रमांकावरचं) नाव आणि बँकेतलं नाव एकसारखं आहे का ते तपासा. वडिलांचं नाव, लग्नानंतर बदललेलं आडनाव, जन्मतारीख यांतल्या तफावती आत्ताच काढा. नंतर त्या कामगाराचा पीएफ अडकतो तेव्हा निस्तरायला फार वेळ जातो.

दोन महिने जुनी पद्धत आणि नवं सॉफ्टवेअर दोन्ही चालवा. पगार जुन्या हिशोबानेच द्या आणि नव्यातला आकडा शेजारी लिहा. पहिल्या महिन्यात फरक येतातच. प्रत्येक फरकाचं कारण शोधा, कारण त्यातले काही फरक जुन्या हिशोबातल्या चुका निघतील, आणि त्या बहुतेक वेळा ओटी आणि रजेच्या असतात. कुणाला कमी दिलं गेलं होतं असं दिसलं तर ते पैसे थकबाकी म्हणून देऊन टाका, आणि स्लिपवर ते कशाचे हे स्वच्छ लिहा. दुसऱ्या महिन्यात सगळ्यांचे आकडे जुळले की तिसऱ्या महिन्यापासून नव्यावर जा. जुनं मस्टर, जुन्या यंत्रातल्या पंचांच्या नोंदी आणि एक्सेलच्या फायली मात्र जपून ठेवा. पीएफची तपासणी मागच्या वर्षांचीही होऊ शकते आणि तेव्हा तुमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती माहिती नसेल.